ताईची मुलाखत आणि सात तासांचा घोळ

(घरचा ग्रुप, बुधवार रात्र)

ताई, 9:12: तिकीट आत्ता नीट बघितलं. रविवारी सकाळी 6 ला उतरतेय आणि मुलाखत मंगळवारी सकाळी 9 ला. मी शुक्रवारी पोचायचं सांगितलं होतं ना?

धाकटे काका, 9:14: त्या दिवशीचं मिळत नव्हतं. ग्रुपवर विचारलं होतं. सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर एकाचंही नाही.

आई, 9:15: असू दे भावोजी, तुम्ही एवढी धावपळ केलीत. एक फोन केला असतात तर बरं झालं असतं, एवढंच.

मोठे काका, 9:17: उतरल्या उतरल्या उन्हात फिरायचं. दिवसा झोपायचं नाही. भरपूर पाणी. बाकी वेळ बदलून झोप बिघडते, जेट लॅग वगैरे मनाचे खेळ.

आत्या, 9:18: भाऊ, मागच्या खेपेला व्याह्यांसमोर बसल्या बसल्या घोरलास, ते कोणाच्या मनाचे खेळ?

दादा, 9:18: आत्या, फोटो टाक ना 😂

मोठे काका, 9:20: तो थकवा होता. विषय भरकटवू नका.

वहिनी, 9:24: काका, मनाचं नाही हो. मेंदूत खरंच घड्याळ असतं, डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते लागतं. शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलंय. ताई, तिकडची वेळ साधारण सात तास पुढे. मंगळवारी तिथे 9 वाजतील तेव्हा तुमच्या शरीरात रात्रीचे 2 वाजलेले असतील. आणि ते घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं.

ताई, 9:25: म्हणजे रात्री 2 वाजता मी त्यांना माझ्या जमेच्या बाजू सांगणार. छान.

धाकटे काका, 9:26: मी परत आलो तेव्हा दोन दिवसांत ठीक झालो होतो.

वहिनी, 9:28: तुम्ही पश्चिमेकडे आलात काका. बहुतेकांचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं. पूर्वेला जाताना लवकर झोपावं लागतं, तिथेच गाडी अडते.

आजोबा, 9:31: शुभ सकाळ 🌹

दादा, 9:31: हे बघा. विमानात न बसता.

मोठे काका, 9:33: उतरल्या उतरल्या उन्हात फिरायचं. दिवसा झोपायचं नाही. भरपूर पाणी.

आत्या, 9:34: वाचलं.

वहिनी, 9:38: उन्हाचं बरोबर आहे, वेळ चुकतेय. रोजच्या उठण्याच्या दोनतीन तास आधी शरीर सगळ्यात थंड असतं. ताईंचं म्हणजे पहाटे 4, तिथले 11. त्याच्या आधी उजेड मिळाला तर घड्याळ उलटं मागे जातं, नंतर मिळाला तर पुढे. सकाळी 6 ला उतरून उन्हात फिरल्या तर नेमकं नको ते होईल. ताई, निघेपर्यंत तीन रात्री आहेत. आज साडेदहा, उद्या साडेनऊ, परवा साडेआठला आडव्या व्हा. उठायचंही रोज तासभर आधी, उठल्यावर लख्ख दिवे. एवढं जमलं तर ते 11 चे 8 होतील. रविवारी 8 पर्यंत गडद गॉगल, मग खुशाल बाहेर.

दादा, 9:39: विमानतळावर पहाटे गॉगल. फिल्मी.

आत्या, 9:41: त्यापेक्षा झोपेची गोळी घे बाळा. मी घेते.

वहिनी, 9:43: आत्या, न घेतलेली गोळी पहिल्यांदा मुलाखतीच्या आदल्या रात्री नको. मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या हार्मोनची गोळी, तीही काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कॉफी सकाळीच, दुपारनंतर नाही. पाचसहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. अगदीच डोळे मिटले तर 20 मिनिटांचा गजर लावून पडा.

आत्या, 9:44: बरं. आम्ही गप्प बसतो.

आई, 9:45: तसं नाही हो वन्सं. तुम्ही काळजीनेच सांगताय.

ताई, 9:47: वहिनी, एवढं सगळं करूनही मंगळवारी 9 म्हणजे किती?

वहिनी, 9:50: तीन तास इथे, दोन तिथे. म्हणजे शरीराचे सकाळचे 7. नीट पाळलं तर. खरं सांगू? त्यांना मेल करून दुपारची वेळ मागा. दुपारी 3 म्हणजे काहीच नाही पाळलं तरी शरीराचे सकाळचे 8.

मोठे काका, 9:52: अशी वेळ मागणं बरं दिसत नाही. आमच्या काळी

मोठे काका, 9:52: चुकून गेला.

धाकटे काका, 9:55: तिकीट मी काढलं म्हणून हे सगळं, असं वाटतंय मला.

आई, 9:56: कोणीही असं म्हटलं नाही.

आत्या, 9:58: (फोटो)

दादा, 9:58: 😂😂 काका, तोंड उघडं आहे.

मोठे काका, 10:01: हा फोटो काढून टाकावा. विनंती.

(गुरुवार सकाळ)

ताई, 6:05: त्यांचं उत्तर आलं, दुपारी अडीचची वेळ दिली. साडेदहाला आडवी झाले होते, पण बारापर्यंत फोन थरथरत होता. मंगळवारपर्यंत ग्रुप म्यूट करतेय.

आई, 6:07: म्यूट म्हणजे आम्ही लिहिलेलं दिसणार नाही का तुला?

आजोबा, 6:10: शुभ रात्री 🌹

मोठे काका, 6:12: उतरल्या उतरल्या उन्हात फिरायचं. (8 नंतर.) भरपूर पाणी.