मालवणी रॅपमध्ये पैशाचा तोरा: 'पेटी'वर खेळ कसा करायचा?

वेंगुर्ल्याचो_बीट:
गणपतीत वाडीच्या कार्यक्रमासाठी मालवणी रॅप लिहितोय. ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), १६ बार (चार ठोक्यांचा एक बार). पैशाचा तोरा मिरवायचाय, पण 'रॅक', 'आइस', 'व्हिप' घातलं की समोरची मंडळी नुसती बघत राहतात. सध्याच्या ओळी:

गळ्यात सोन्याची चेन, दारात उभी थार
जुलैत म्हावरा हाडतत माझे ट्रॉलर चार

काय बदलू?

डबलबारी_कट्टा:
आधी जुलै काढ. जून-जुलैत ट्रॉलर मासेमारी बंदीमुळे किनाऱ्याला लागलेले असतात, शेंबडं पोरही ओळ तिथेच पकडेल. तोऱ्यात अतिशयोक्ती खपते, चूक खपत नाही.

रॅक म्हणजे हजार डॉलर, आइस म्हणजे हिरे, व्हिप म्हणजे गाडी. हे शब्द अमेरिकेतल्या रस्त्यावरून गाण्यात आले म्हणून तिथे चालतात. आपल्याकडे पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे चाकरमान्यांमुळे गावात सगळ्यांना ठाऊक. शिवाय पेटी आंब्याचीही असते. मग असं बघ:

बागेत गवत पसरून शंभर पेटयो भरलंय
वाशीत जावन शंभराची एक पेटी करून इलंय

हिशोबही जुळतो. वाशीच्या बाजारात पेटी हजाराला गेली तर शंभर पेट्यांचे लाख.

चेन आणि थार ही नुसती यादी झाली. वस्तू सांगितलीस तर तिचं काहीतरी होऊ दे.

यमक_रत्नागिरी:
कल्पना झकास, पण 'भरलंय-इलंय' हे क्रियापदाचं यमक. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे असं जुळवणं फुकटात मिळतं आणि चार ओळींत कान कंटाळतो. नाम शेवटी आण:

बागेत गवत पसरून भरलंय शंभर पेटी
वाशीत हिशोब झालो, उरली एकच पेटी

शब्द तोच, अर्थ वेगळा. 'उरली एकच' ऐकताना आधी वाटतं की बिचाऱ्याचं नुकसान झालं. मग लाखाची पेटी लक्षात येते आणि टाळी पडते. म्हणूनच पहिल्या ओळीत 'गवत' हवं, ते गेलं तर आंबा दिसत नाही आणि दुसरी ओळ लटकते. गाताना 'म्हणजे लाख बरं का' असं चुकूनही सांगू नकोस.

दोन्ही ओळींत बोलताना १२-१२ उच्चार (बा-गेत, ग-वत असे तुकडे) येतात. ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा, त्यात १२ आरामात बसतात; १६च्या वर गेलास तर शब्द चावले जातील. 'पेटी'चा 'पे' चौथ्या ठोक्यावर, स्नेअर ड्रमच्या फटक्यावर पाड. दुसऱ्या 'पेटी'नंतर पुढच्या बारचा पहिला ठोका रिकामा सोड. हसायला लोकांना तेवढी जागा लागते, आणि तुला श्वासही मिळतो.

ट्रॉलरच्या जागी घोळ माशावर खेळता येईल. त्याच्या पोटातल्या बोताला (हवेच्या पिशवीला) मोठी किंमत असते, त्यामुळे तोराही खरा:

जाळ्यात घोळ गावलो, हिशोबात घोळ नाय

पुढे 'झोळ नाय' चपखल बसेल. 'मोल नाय' नको, ल-ळ चा फरक आपल्या कानाला लगेच खटकतो.

वेंगुर्ल्याचो_बीट:
पेटी घेतली! समोरच्या वाडीचा गडी उत्तर देणार आहे, तेव्हा काय करू?

डबलबारी_कट्टा:
शक्ती-तुऱ्यात (दोन गटांच्या गाण्याच्या सामन्यात) सवाल-जवाब कसे चालतात ते बघ. समोरच्याचा शब्द उचलायचा आणि अर्थ फिरवून त्याच्याच अंगावर टाकायचा. तुझ्या पेटीला तो 'बाजाची पेटी' म्हणणार हे धरून चाल आणि दोन बार राखून ठेव. टोला त्याच्या ओळीला मार, घरच्या गरिबीला नको. तिथे वाडी गप्प होते.

साउंडवाला_मालवण:
एक राहिलं. 'पेटी'चा 'प' माईकवर फटकन फुटतो. माईक तोंडासमोर सरळ धरू नको, गालाकडे थोडा तिरका, चार बोटं लांब धर. जाळी मुठीत पकडलीस तर आवाज घुमतो आणि शिट्टी येते. मांडवात इको बंद ठेवायला सांग, नाहीतर पहिली पेटी दुसरीवर चढेल आणि सगळा खेळ फुकट जाईल.