विषय: लेकीची डॅट जूनमध्ये आहे, कोणाच्या मुलांनी दिलीय का?

नमस्कार मंडळी,

परवाच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींना विचारलं पण तिळगूळ देण्याघेण्याच्या गडबडीत नीट बोलणं झालंच नाही म्हणून इथे लिहितेय. आमची चिऊ इथे अमेरिकेत रटगर्स युनिव्हर्सिटीला तिसऱ्या वर्षाला आहे, तिला डेंटिस्टच व्हायचंय, डॅट म्हणजे इथल्या डेंटल कॉलेजांची प्रवेशपरीक्षा जूनमध्ये द्यायचीय. आम्हा दोघांनाही या परीक्षेतलं काही कळत नाही. ह्यांनी लातूरचा पुतण्या नीटचा अभ्यास करतो तसं टाइमटेबल करून भिंतीवर लावलंय, पहाटे पाचपासून, त्यात फिजिक्ससुद्धा आहे. पोरगी केमिस्ट्रीला घाबरत नाही, पण ते घडी घातलेल्या कागदाचे आणि ठोकळ्यांचे प्रश्न आले की लॅपटॉप मिटून रडायला लागते. काल म्हणाली, आई माझे डोळेच तसे नाहीत. क्लास लावावा का? तारीख पुढे ढकलावी का? कोणी सांगाल का प्लीज.

चिऊची आई

---

अगं चिऊच्या आई,

आधी ते टाइमटेबल काढ भिंतीवरून. डॅटमध्ये फिजिक्स नाहीच. सायन्सचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, त्यात बायोलॉजी ४० आणि दोन्ही केमिस्ट्री ३०-३०, मग तिला रडवतंय ते पॅट, म्हणजे आकार आणि ठोकळ्यांचा भाग, ९० प्रश्न ६० मिनिटांत, मग ब्रेक, मग रीडिंगचे ५० आणि शेवटी गणिताचे ४०. गणिताला स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर मिळतो, त्याची फार काळजी करू नकोस.

आमच्या धाकट्याने दोनदा दिली. पहिल्या वेळी एका क्लासला बरेच पैसे भरले, तिथे तीन महिने नुसती केमिस्ट्री चालली आणि पॅट शेवटच्या दहा दिवसांत उरकलं. पॅटला एका प्रश्नाला मिळतात ४० सेकंद. हा पहिल्याच भागात अडकला आणि शेवटचे पंचवीस-तीस प्रश्न कोरे ठेवून आला. कोरे का, तर सेंटरला सोडताना आम्हीच गाडीत सांगितलं होतं, येत नसेल तर सोड, उगाच मार्क कापून घेऊ नको. ती आपली नीटची शिकवण, तिथे चुकलं की एक मार्क जातो. डॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही गं! आम्ही न विचारता बोललो आणि पोराने आईबापाचं ऐकलं, हे मला अजून लागतं. चिऊच्या बाबांना हे एवढं तरी आजच सांग. वेळ संपत आली की उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर काहीतरी क्लिक करायचंच. पुन्हा दिली तरी आधीचे मार्क कॉलेजला दिसतात, म्हणून पहिली वेळ महत्त्वाची.

आता डोळ्यांचं. तुला आपली चौथीची-सातवीची स्कॉलरशिप आठवते का? बुद्धिमत्ता चाचणीत रंगवलेला ठोकळा, घडी घालून भोक पाडलेला कागद, हेच तर असायचं. पॅट म्हणजे त्याचा मोठा भाऊ. आपण तेव्हा कुठे जन्मतः डोळे घेऊन आलो होतो, बाईंनी खरा कागद दुमडून टाचणीने टोचून दाखवला तेव्हा कळलं. चिऊलाही स्क्रीनसमोरून उठव. कागद दुमडा, पंचने भोक पाडा, आधी तिने वहीत चार बाय चारचा चौकोन आखून उत्तर काढायचं आणि मग उलगडून बघायचं. पॅटर्न फोल्डिंग म्हणजे सपाट कागदावरून घडणारा आकार ओळखायचा, ते तर आपण दर दिवाळीला आकाशकंदील करताना करतोच, जुने खोके उलगडून पुन्हा जोडायला लाव. ठोकळ्यांत चिकटवलेला ढीग बाहेरून रंगवला तर कुठल्या ठोकळ्याच्या किती बाजू रंगल्या ते विचारतात, त्याला युक्ती आहे, प्रश्न न वाचता आधी तक्ता करायचा, ० बाजू रंगलेले किती, १ बाजू किती, असं ५ पर्यंत. तळाची बाजू रंगत नाही हे पक्कं डोक्यात ठेवायचं, तिथेच सगळे चुकतात. तक्ता एकदा झाला की त्या आकृतीवरचे सगळे प्रश्न पटापट सुटतात. कोनांचं मात्र खरं सांगते, चार कोन लहान ते मोठे लावायचे, त्याला युक्ती कमी आणि सवय जास्त, आमच्याकडे रोज जेवणाआधी पंधरा मिनिटं, बास. रविवारी चार तास एकदम केलेलं उपयोगी पडत नाही, रोजचं थोडं मुरतं. दुसऱ्या वेळी पॅट पहिल्या दिवसापासून केलं आणि पूर्ण सोडवून आला.

आणि हो, नेटवर जुने लोक लिहितात "२० च्या वर पाहिजेत", त्याने घाबरू नका. पूर्वी मार्क १ ते ३० असायचे, मार्च २०२५ पासून २०० ते ६०० झालेत. पॅटचा स्कोअर अकॅडमिक अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाहीत, पण कॉलेजं तो वेगळा बघतात. सेंटरमध्ये कागद-पेन्सिल नसते, दोन बोर्ड आणि मार्कर देतात, ते पुसायचे नसतात, भरले की बदलून मागायचे. अर्जावरचं नाव आयडीशी जुळलं पाहिजे, आपल्याकडे मधे बाबांचं नाव एका कार्डावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं, हे आत्ताच तपासा.

तारीख चिऊला ठरवू दे. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला जातात आणि कॉलेजं येतील तसे बघत जातात त्यामुळे जून चांगला आहे, पण पूर्ण मॉक दोनदा नीट जमल्याशिवाय बसवू नकोस.

एडिसनची काकू

---

काकू, यातच विचारते, माझी भाचेसून संभाजीनगरहून बीडीएस करून इकडे येतेय, तिलाही हीच डॅट का?

वुडब्रिजची मावशी

---

मावशी, नाही, तिला डॅट नाही. मी स्वतः नागपूरहून बीडीएस करून आलेली. तिने आयएनबीडीई, म्हणजे इथे डेंटिस्टच्या लायसन्ससाठी लागणारी परीक्षा द्यायची, ५०० प्रश्न, दोन दिवस चालते, निकाल फक्त पास-नापास. त्याआधी मार्कशीट्सचं ईसीईकडून, म्हणजे परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून, मूल्यांकन लागतं आणि युनिव्हर्सिटीकडून कागद यायला वेळ जातो, म्हणून तिला सांगा विमानात बसायच्या आधी तिथेच हेलपाटे घालून ते मिळव, इथून फोन करून मला फार त्रास झाला. मग कॅपिड या ऑनलाइन अर्जाच्या सोयीतून अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला, म्हणजे बाहेरून डेंटिस्ट होऊन आलेल्यांच्या कोर्सला अर्ज, तो कोर्स बहुतेक ठिकाणी दोन ते तीन वर्षांचा. काही कॉलेजं बेंच टेस्ट घेतात, म्हणजे समोर बसवून नकली दातांवर काम करून दाखवायचं, त्यामुळे हात सुटू देऊ नको म्हणावं. माझा हात दोन वर्षांत जड झाला होता, परत वळवायला महिने गेले. तिला माझा नंबर द्या, कधीही फोन करू दे.

नागपूरची ताई

---

सगळ्यांचे मनापासून आभार. टाइमटेबल काढलं. काकू, निगेटिव्ह मार्किंगचं वाचून मी गप्पच झालो, मीही चिऊला तेच सांगत होतो. काल रात्री साखरेचे चौकोनी खडे डिंकाने चिकटवून मी आणि चिऊ बसलो, मला साताऱ्यातली सातवीची स्कॉलरशिप आठवली, तिला तक्ता करायला शिकवला आणि तिसऱ्या आकृतीला तिचं उत्तर बरोबर आलं, माझं चुकलं, मी तळ मोजला होता. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

येत्या रविवारी लायब्ररीतली छोटी खोली घेतलीय, सकाळी साडेनऊ ते तीन, पूर्ण मॉक घड्याळ लावून, फोन बाहेर. मंडळातल्या अजून कोणाची मुलं देणार असतील तर पाठवा, चार खुर्च्या आहेत. ब्रेकसाठी पोळीभाजीचे डबे आम्ही आणतो.

चिऊचे बाबा