परदेशातून परत आलेल्यांनो, पुण्यात ऋतू बदललेला जाणवतो का?

अनुजा_सहकारनगर

म्युनिकला बरीच वर्षं काढून गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुण्यात परत आलो. मुलं रुळली, नवरा तर विमानतळाबाहेरच्या पहिल्या चहालाच रुळला. माझंच अडलंय. घरात सांगितलं तर सगळे हसतात, म्हणून इथे विचारते. मला इथे वर्ष पुढे सरकतंय असं वाटतच नाही.

तिकडे ऋतू आला की हुकूम सोडायचा. ऑक्टोबर लागला, टायर बदला. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा सगळ्यांचा ठोकताळाच. पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस, एप्रिलात बाजारात येणार आणि २४ जूनला त्याचा हंगाम संपणार. मेच्या मध्यात थंडीच्या संतांचे दिवस असतात, ११ ते १५ तारीख, म्हणजे थंडीचा शेवटचा झटका. तोवर नाजूक रोपं उघड्यावर ठेवायची नाहीत. मी एकदा एप्रिलातच टोमॅटो बाल्कनीत मांडले, तर शेजारच्या आजी जिना चढून वर आल्या आणि कुंड्या आत घ्यायला लावूनच गेल्या.

बर्फाची आठवण येत नाही, हे आधीच सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये इतका पडला की विमानतळ बंद ठेवावा लागला. फोटो छान आले, बाकी काही छान नव्हतं. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य गडप. मुलांना पाळणाघरातून आणायचं ते अंधारात, आणि घरी आल्यावर मोज्यांपासून टोप्यांपर्यंत सगळं सोलून काढायचं. दाराशी बुटांच्या खाली ट्रे, त्यात वितळलेलं काळं पाणी आणि खडी. कोणी घसरू नये म्हणून तिथे फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती बुटाच्या खाचांत अडकून थेट पलंगाखाली पोचते.

पण थंडी संपत आली की ती खडी झाडून न्यायला गाडी येते. त्या आवाजाने मला जे व्हायचं ते मी नवऱ्यालाही नीट सांगू शकलेले नाही. मग मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि अख्खं गाव संध्याकाळी बाहेर. कोणी बोलत नाही, कोणी काही करत नाही, नुसते उन्हाकडे तोंड करून बसतात.

इथे आल्यापासून चप्पल तीच, ऊन तेच, पंखा एकवर की तीनवर एवढाच फरक. कोणाला असं झालंय? की मीच नाटकं करतेय?

शनवारकर

नाटकं आहेत की नाहीत ते घरच्यांनी ठरवावं. बाकी पुण्यातही ऋतू चारच आहेत, तेही सरकारी. हवामान खात्याच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून आणि उरलेले तीन महिने मान्सूनोत्तर. हे खातं १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. ते लोक थंड हवेतून इथे आले, त्यांनी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

बंडू_मिनियापोलिसवाला

अनुजाताई, चार ऋतू कॅलेंडरवरच्या चित्रांत बरे. आमच्याकडे नोव्हेंबरात जो हिवाळा बसतो तो एप्रिलात उठला तर नशीब. तळी इतकी गोठतात की लोक त्यावर गाड्या नेऊन, भोकं पाडून मासे धरत बसतात. डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणारे काचेचे पूल आहेत, त्यामुळे दिवसभर बाहेरची हवा न लागता माणूस जगू शकतो. जगतोही. मी दोन्ही हातांनी नमस्कार करून बाणेरला परत आलो. जानेवारीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दूध आणायला जातो, याहून जास्त मला काही नको.

लीलाकाकू

अनुजा, तू नाटकं करत नाहीयेस. तू चुकीच्या जागी बघते आहेस असं मात्र वाटतं.

तिकडे पान गळतं ते दिवस लहान होऊन थंडी आल्यावर. म्युनिकचा दिवस डिसेंबरात जेमतेम साडेआठ तासांचा आणि जूनमध्ये सोळाचा. आपल्याकडे अकरा आणि सव्वातेरा. त्यामुळे आपली झाडं पान टाकतात ती मुख्यतः पाणी आटल्यावर, म्हणजे ऐन फेब्रुवारी-मार्चात, आणि पालवीही त्याच सुमारास. तुझ्याकडे पानगळ नि वसंत यांच्यामध्ये अख्खा हिवाळा होता. इथे करंज चार-आठ दिवसांत सगळी पानं टाकून पोपटी होतो, आणि आपण त्याच्याखाली स्कूटर लावून फोनवर बोलत असतो.

आत्ता फेब्रुवारी अर्धा सरलाय आणि तळजाई तुझ्या दाराशी आहे. टेकडीवर गिरिपुष्प लावलेलं आहे. ते झाड परदेशी, त्याखाली आपलं फारसं काही उगवत नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग आहे. पण या दिवसांत एकही पान नसताना फांदीन्‌फांदी फिकट गुलाबी फुलांनी भरते तेव्हा रागही आवरता घ्यावा लागतो. काटेसावरीची फुलं खाली पडलेली दिसतील, जाडजूड, मेणासारखी. एखादं उचलून बघ, चांगलं वजन लागतं हाताला.

आणि हुकमाचं म्हणशील तर चैत्रात माझ्याकडे ये. गच्चीवर वाळवण घालायला लावते, मग सांग इथे ऋतू हुकूम सोडत नाही म्हणून.

अनुजा_सहकारनगर

काकू, करंजाचं वाचून खाली जाऊन आले. आमच्या गेटपाशी एक आहे, त्याच्याखाली खरंच स्कूटरच लावलेली असते. माझीच.

बंडूदादा, तुमचं पटतं, तरीही. सगळे मला पहिल्या पावसाचं सांगतात, की तोच आपला मार्च. असेल. पण पहिला पाऊस आला की दहा मिनिटांत वीज जाते आणि सिंहगड रोडवर गाड्या तुंबतात, उन्हाकडे तोंड करून बसण्याची मजा त्यात कुठून येणार? मला सगळ्यांनी मिळून काही न करता थांबणं हवंय बहुतेक. ते इथे कुठे मिळतं, शनिवारवाड्यासमोर तर नाहीच.

एक मात्र खरं, काल मंडईत पुरंदरची अंजिरं दिसली. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच खा, उन्हं तापली की संपली. श्पार्गेलवाल्यांचीच भाषा. अर्धा डझन घेतली, घरी पोचेपर्यंत दोन उरली.

काकू, रविवारी सकाळी मुलांना घेऊन तळजाईला जाते. वाळवणालाही येईन, पण कुरडया मला जमत नाहीत.

शनवारकर

रविवारी तळजाईला अर्धं पुणं असतं. बुधवारी जा.