नसलेल्या पायातलं दुखणं म्हणे 'मनाचे खेळ'!

लंगडीपटू: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की कापलेल्या पायात दुखतं हे मनाचे खेळ, गोळ्या फेकून द्या, रोज वीस मिनिटं ध्यान करा. गप्प बसणार होतो, पण रात्री दोनला पुन्हा तेच, जी करंगळी २०१७ साली लोकलखाली गेली तीच कोणीतरी पक्कडीत धरून पिळतंय. अमेरिकन यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांचं हेच सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ मध्ये लिहून ठेवलंय, ते सगळे काय ठरवून खेळत होते? प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने माझं निम्मं कमी झालं. वजन ९ किलो वाढलं, त्यामुळे नकली पायाचं सॉकेट घट्ट, त्यामुळे स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सोलवटला, ते वेगळंच.

साधक_ठाणे: मीच तो सद्गृहस्थ. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांचा आरशाचा प्रयोग वाचा. आरशात चांगला हात बघून नसलेल्या हाताची वळलेली मूठ सुटली. मेंदूच फसला ना? मी वेगळं काय म्हणालो?

लंगडीपटू: फिटही मेंदूतूनच येते, मग त्यालाही मनाचे खेळ म्हणून कांदा हुंगवत बसायचं का? आरसा केलाय मी, कपाटाचा काढून दोन पायांमध्ये उभा धरायचो. पहिल्या आठवड्यात बोटं सैल झाली, नंतर ढिम्म.

फिजिओ_नाशिक: स्टंपवर एकाच जागी टिचकी मारली की करंट लागतो का? मग कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ असू शकते, न्यूरोमा. हल्ली ती नस जवळच्या स्नायूच्या बारीक नसेला जोडून देतात, टीएमआर म्हणतात. दाखवून घ्या.

कल्याणकरीण: आमच्या ह्यांचा हात जागेवर आहे, पण बाईकवरून पडले आणि खांद्याकडच्या नसाच मणक्यापासून उपटल्या. हात लुळा आणि आत नुसती आग. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन दिली तर सासूबाई म्हणे ही डिप्रेशनची गोळी, माझ्या मुलाला वेडा ठरवताय! आठ दिवस तांदळाच्या डब्यात लपवून दिली मी. आणि दिव्यांगांच्या डब्यात लोक ह्यांना उठवतात, दिसायला बरे दिसतात ना.

विरार_फास्ट: त्या डब्यात निम्मे धडधाकट असतात ओ, तपासायला कोणी येत नाही.

कल्याणकरीण: धडधाकट?? कार्ड आहे आमच्याकडे!

विरार_फास्ट: तुम्हाला कोण म्हणालं? आमच्या इथला एकजण सर्टिफिकेट काढून आणतो आणि रविवारी क्रिकेट खेळतो.

लंगडीपटू: अपंगत्व ४० टक्के भरल्याशिवाय सवलत नाही आणि ते टक्के हातापायाचे मोजतात, दुखण्याचे कोण मोजतो? कॅम्पला मी चार तास लाकडी बाकावर बसलो होतो, स्टंप टम्म सुजलेला, आणि साहेब जेवायला गेलेले.

विरार_फास्ट: बरं बाबा, सगळेच खरे, मी एकटा खोटा. खूश?

फिजिओ_नाशिक: धागा कशावर होता?

साधक_ठाणे: माझ्यावर! 😀 भाची फार्मसीत आहे, तिने झापलं, प्रीगॅबालिन एकदम बंद केली तर भलताच त्रास होतो म्हणे. 'फेकून द्या' तेवढं मागे घेतो. ध्यानाचं नाही घेत.

लंगडीपटू: नका घेऊ, मीही करतो कधीकधी, दुखत नसतं तेव्हा. साडेअकरा झाले, करंगळी सुरू झाली. टिचकी मारून बघितली ओ नाशिककर, घोट्यापर्यंत करंट गेला. नसलेल्या.