मदत हवी आहे: पीटर ग्रीनसारख्या आवाजासाठी गिटारच्या पिकअपचं मॅग्नेट नेमकं कसं उलटवायचं?

मंडळी, फ्लीटवुड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या १९५९च्या लेस पॉल इलेक्ट्रिक गिटारवर (जी पुढे गॅरी मूर आणि मग कर्क हॅमेट या गिटारवादकांकडे गेली) दोन्ही पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबक आणि कॉइलचे भाग) एकत्र चालू केले की जो पातळ, नाकातून आल्यासारखा आवाज येतो, तो मला हवाय. नेक पिकअपचं (गळ्याजवळच्या पिकअपचं) मॅग्नेट उलटं बसल्यामुळे दोन्ही पिकअप आउट ऑफ फेज होतात, म्हणजे त्यांचे सिग्नल एकमेकांच्या उलट जातात, एवढं कळलंय.

माझी गिटार लेस पॉल धाटणीचीच आहे, दोन हमबकर (दोन कॉइलचे पिकअप), चार नॉब. स्विच मधे ठेवून दोन्ही व्हॉल्यूम कमीजास्त करून पाहिले, टोन पूर्ण उघडून पाहिला, इक्वलायझरने खालचे सूर कापले. आवाज पातळ झाला, पण तो हुंदका काही येत नाही.

वायरी उलट्या जोडा असं सुचवणार असाल तर: माझ्या पिकअपला एकच वायर आणि वरून जाळीचं शील्ड आहे. उलटी जोडली तर धातूचं कव्हरच लाइव्ह होऊन गुणगुण वाढेल. नवे पिकअप घ्यायचे नाहीत. सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं.

म्हणून मॅग्नेटच फिरवायचंय. पण ते लांबीच्या अक्षावर कूस बदलल्यासारखं वळवायचं, की टोकावरून कोलांटी द्यायची? माझ्या मते कोलांटीने ध्रुव असलेल्या लांब कडा जागच्या जागीच राहतात, म्हणजे फरक शून्य. बरोबर आहे का? आणि कव्हरखाली मेण भरलेलं असेल, तर कॉइलची बारीक तार न तोडता मॅग्नेट कसं सोडवता?