काकांचा जुना जपानी बास वाजता करायचाय, कुठं हात लावू आणि कुठं नको?

शहापूरकर_बास

नमस्कार मंडळी. बेळगाव, शहापूरहून लिहितोय. आमच्या थोरल्या काकांचा इलेक्ट्रिक बास गिटार माळ्यावरून खाली काढलाय. काका सत्तरच्या दशकात इथल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपती, शिवजयंती, लग्नाच्या वराती, सगळीकडं. हा बास त्यांनी मडगावच्या एका वाजवणाऱ्याकडनं जुनाच घेतलेला. पुढं कीबोर्डवाला डाव्या हातानंच बास वाजवायला लागला, बासवाल्याची गरज संपली आणि हा पेटीत गेला तो गेलाच.

डोक्यावर कंपनीचं नाव नाही, नुसती दोन बारकी भोकं आहेत, म्हणजे कधीतरी नावाची पट्टी असणार. मानेच्या मागच्या पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान’ एवढंच कोरलंय. डोक्याजवळच्या पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३८१ मिमी भरतंय. त्या पहिल्या फ्रेटच्या मागं खाचांची प्लॅस्टिक पट्टी आहे, ती तडकलीय.

अवस्था अशी: दोन पिकअपपैकी (तारांचा कंप विजेत बदलणारी चुंबकी कॉइल) मानेजवळचा मुका. व्हॉल्यूम फिरवला की खरखर. घोडीवरचा एक सॅडल (तार टेकते तो तुकडा) गायब. ई तारेची खुंटी फिरतच नाही. बाराव्या फ्रेटवर तार लाकडापासनं इतकी वर आहे की दाबताना बोट दुखतं. रंग तपकिरी-पिवळा सनबर्स्ट, पण काकांचा हात जिथं टेकायचा तिथं उडून लाकूड दिसायला लागलंय.

आता माझा घोळ. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतोय, आण, घासून ड्यूको मारून नवा करून देतो. आमच्या भजनी मंडळात मी अभंगांना बास धरतो, तिथं मींड घ्यायला मिळावी म्हणून फ्रेट काढून फ्रेटलेस करावा असं लई दिवस डोक्यात आहे. आणि मित्र म्हणतोय, नऊ व्होल्टची बॅटरी घालून अ‍ॅक्टिव्ह सर्किट बसव, आवाज फुटेल. काकांना विचारलं तर म्हणाले, “वाजवणार तू, तुझ्या हाताला बसेल तसं कर.” त्यांनी परवानगी दिली म्हणूनच मला जास्त जपून करावंसं वाटायलंय. येत्या गणपतीत आमच्या गल्लीत तो वाजलेला मला बघायचाय. जाणकारांनी सांगा.

निपाणीचा भाऊ

ड्यूको नको. पाया पडून सांगतो, नको. ती झिजलेली जागा म्हणजे तुमच्या काकांचा हात आहे. ती घासून काढली तर परत कुठनं आणणार? बाकीचं जाणकार सांगतीलच.

कॅम्पातला सोल्डरवाला

शहापूरकर, मी कॅम्पात अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटारी दुरुस्त करतो, जुन्या जपानी गिटारी बऱ्याच हाताखालनं गेल्यात. माझा एकच नियम सांगतो, तो पटला तर पुढचं वाचा. जे उद्या स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरनं परत पहिल्यासारखं करता येतं ते बिनधास्त करा. ज्याला करवत, रंधा, ड्रिल किंवा पॉलिश पेपर लागतो ते करू नका.

बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून ३८१ च्या दुप्पट ७६२, म्हणजे ३० इंच. तुमचा बास शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारेचा आहे. १९५१ साली लिओ फेंडरनं प्रिसिजन बास काढला तो ३४ इंचांचा, आणि आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक तारा त्याच मापाच्या असतात. त्या घेऊ नका. लांब तारेचा जाड भाग खुंटीला गुंडाळला जातो, वेटोळं नीट बसत नाही, तार आतल्या आत सुटते. शॉर्ट स्केल असं स्पष्ट लिहिलेला संच मागवा, आणि तोही फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्याच्या गुळगुळीत तारांचा. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ३० इंचांवर ताण ३४ इंचांपेक्षा साधारण २२ टक्के कमी पडतो. त्यामुळं पातळ तारा इथं लुळ्या लागतात, जरा जाड घ्या. जुन्या मानेला तेवढा ताण झेपतो.

खाचांच्या पट्टीजवळचा तो फ्रेट म्हणजे शून्य फ्रेट. मोकळी तार त्याच्यावर टेकते, म्हणून पट्टीचं काम फक्त तारांमधलं अंतर राखायचं. उंचीचं टेन्शन नाही. हाडाची नवी पट्टी करून घ्या. मिरजेला कधी जाणं झालं तर सतारमेकरांना जुनी पट्टी नमुन्याला द्या, हाड कापायचा त्यांचा हात पिढ्यांचा आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते उगीच नाही.

आता मान. तारेला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार नि फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर मान ठीक आहे आणि उंची घोडीवर किंवा मानेच्या सांध्यात आहे. फट बरीच जास्त असेल तर मान पुढं वाकलीय. डोक्यावर बारकं झाकण असेल तर त्याखाली ट्रस रॉडचा (मानेतल्या लोखंडी सळीचा) नट मिळेल. तारा ढिल्या करा, पाव फेरा घट्ट करा, तारा लावा, रात्रभर ठेवा, मग परत बघा. नट अडला तर जोर लावू नका. रॉड तुटला तर त्या बासचं आयुष्य संपलं. मान हलक्या हातानं मागं रेटून धरायची, भार उतरला की नट सहसा फिरतो.

मान सरळ असूनही तार उंच असेल तर चार स्क्रू काढून मान सुटी करा आणि सांध्याच्या खोबणीत घोडीकडच्या टोकाला पातळ लाकडी व्हिनिअर घाला. पूर्ण रुंदीचं घाला, कागदाची घडी नको. तिथं अर्धा मिलिमीटर उचललं तरी वरच्या फ्रेटांवर तार चांगलीच खाली येते. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर उदबत्तीच्या बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भरा, सुकू द्या, मग स्क्रू हातानं फिरवा.

मुक्या पिकअपला मरण आलंय असं लगेच धरू नका. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून दोन्ही टोकं मोजा. पाच ते दहा किलोओमच्या आसपास काही आलं तर कॉइल जिवंत आहे, बिघाड स्विचमध्ये किंवा वायरीत. काहीच आलं नाही तर तार तुटलीय. पण ती बहुतेकदा बाहेरच्या वायरीला जोडते तिथंच, म्हणजे अगदी वरच्या वेढ्यापाशी तुटते. भिंग लावून टोक शोधलं तर दोन सोल्डरमध्ये काम होतं. सरसकट रिवाइंड करणार (कॉइल नव्यानं गुंडाळणार) असाल तर वेढ्याची दिशा आधी टिपून घ्या. दिशा उलटी झाली तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर खालचा आवाज एकमेकांत मरतो आणि बास पत्र्यासारखा वाजतो. गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडं एवढी बारीक तार नसते. पिकअपला ०.०६ मिमीच्या आसपासची लागते, श्वास लागला तरी तुटते.

खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या) फटीत फवारा, पंचवीसेक वेळा पुरा फिरवा. शिवणयंत्राचं तेल नको, धूळ धरतं. खुंटी काढून रॉकेलमध्ये भिजवा, दातांतलं वाळलेलं ग्रीस निघालं की फिरेल.

फ्रेटलेसबद्दल मला मनापासून बोलायचंय. शून्य फ्रेट असलेल्या मानेचे फ्रेट काढले तर नव्या पट्टीची उंची, खाचा भरणं, पाटीवर कडक थर देणं, सगळं नव्यानं आलं. अमेरिकन बासवादक जाको पास्टोरियसनं आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासवर इपॉक्सी चढवला तो गोल वेढ्याच्या खरखरीत तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून. तो बास तेव्हा त्याचा रोजचा हत्यार होता, कुणाची आठवण नव्हती. तुम्हाला मींड पाहिजेच, अभंगाला ती शोभते, मान्य. एक साधा नवा फ्रेटलेस घ्या. काकांच्या बासवर फ्लॅटवाउंड लावा, घोडीजवळ तारांखाली फोमचा तुकडा सारा. सूर लवकर बुजेल आणि पखवाजाच्या शेजारी बसेल. फेंडरच्या साठच्या दशकातल्या बासना घोडीच्या झाकणाखाली असाच फोम यायचा. नको झाला तर दोन बोटांनी काढता येतो.

अ‍ॅक्टिव्ह सर्किटला बॉडी कोरावी लागते, म्हणून नाही. तसंही ई तार ४१ हर्ट्झला बोलते, मंडपातले बहुतेक टॉप स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाहीत. आपल्याला ऐकू येतो तो तिचा ८२ चा दुसरा स्वर. तोच नीट यावा यासाठी बाहेरून एक प्रीअँप पेडल पुरेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घोडीखालून एक वायर पॉटच्या पाठीवर आलीय का बघा, ती तारांचं अर्थिंग आहे. जुना अ‍ॅम्प दोन पिनांचा असेल तर त्याला आधी तीन पिनांची वायर आणि खरं अर्थिंग करून घ्या, मगच तारांना हात लावा. मंडपात जनरेटरवर, पावसात ओल्या फळीवर उभं राहून वाजवायचं असतं. यात तडजोड करू नका.

उद्यमबाग_लेथ

सॅडलचं माझ्याकडं सोपवा. उरलेल्यातला एक नमुना आणा, पितळी रॉडमधनं जोडीदार काढून देतो. उंचीच्या स्क्रूचे आटे मात्र मोजूनच पाडावे लागतील, जुन्या जपानी मालात ते आपल्या रोजच्या मापाशी जुळतीलच असं नाही. म्हणून स्क्रूसकट आणा. पैशाचं बघू नंतर, काकांची गाणी ऐकलेली माणसं आमच्या घरात पण आहेत.

खानापूर_रान

लाकडाचं एक सांगू का? फ्रेटची पाटी गडद, जांभळट रेघांची असेल तर ती शिसवाच्या जातीतली असण्याचा संभव मोठा. आपल्या पश्चिम घाटातला शिसव जगभर गिटारींच्या पाट्यांना गेलाय. वाळून पांढरट पडली असेल तर ओल्या फडक्यानं मळ काढा, खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि लगेच पुसा. खोबरेल नको, खवट होतं.

आणि माळा सोडा. एप्रिलात कौलाखाली लाकूड कडकडीत वाळतं, जुलैत पाणी पितं, मान दर वर्षी हलते. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. मान आत्ता पावसात बसवली तरी दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की परत तपासा.

शहापूरकर_बास

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्यूको रद्द, फ्रेट आहेत तिथंच राहतील.

सोल्डरवाले दादा, मोजलं. मागचा पिकअप ६.८ दाखवतोय, पुढच्यावर काहीच नाही. झाकण काढलं तर काळ्या वायरीच्या सोल्डरपाशी केसाएवढं टोक मोकळं दिसतंय. मान मात्र कार्डापेक्षा जास्त वाकलीय. झाकणाखाली नट आहे, पण त्याला पाना कुठला लागतो? काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, त्या काळात तार तुटली की गोव्याहून कुणी येईपर्यंत तीन तारांवर कार्यक्रम काढायचे.

कॅम्पातला सोल्डरवाला

टोक दिसतंय म्हणजे पिकअप वाचला. त्याला आता हात लावू नका, ओढलं गेलं तर आणखी एक वेढा जातो. झाकण परत ठेवा, बास पेटीतनं घेऊन या, भिंगाखाली करू. पान्याचं म्हणाल तर नट बाहेरनं सहा कोनी असेल तर बॉक्स पाना, आत खड्डा असेल तर अ‍ॅलन की. दोन्ही मिलिमीटरचे घालून बघा. जो हलत नाही तोच बरोबर, जरा सैल वाटला तर फिरवू नका, कडा गोल होतात. काकांना पण आणा. ऑर्केस्ट्रात ते अ‍ॅम्प कुठला वापरायचे ते मला विचारायचंय.