कॅटचा दुसरा प्रयत्न: पुन्हा पहिल्यापासून अभ्यास, की फक्त चुकांवर काम?

उत्तरपत्रिका_उघडा
कॅट (आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए प्रवेश परीक्षा) पुन्हा द्यायची ठरली की बहुतेक जण नवा क्लास लावतात, नवे संच घेतात आणि 'शेकडेवारी'च्या धड्यापासून परत सुरुवात करतात. माझ्या मते दुसऱ्या वर्षातली ही सर्वात महागडी चूक आहे. अभ्यासक्रम एकदा झालेला असतो. गुण गेले कुठे, हे मात्र कोणी शोधत नाही.

परीक्षेनंतर उत्तरतालिकेबरोबर आपली स्वतःची उत्तरपत्रिकाही लॉगिनमध्ये मिळते. ती उतरवून घ्या, छापा आणि प्रत्येक चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा. संकल्पनाच माहीत नव्हती: 'अ'. माहीत होती पण वेळेवर सुचली नाही: 'ब'. आकडेमोड किंवा वाचण्यात चूक: 'क'. प्रश्न हातातच घ्यायला नको होता, किंवा सोपा असून सोडला: 'ड'. पहिल्या प्रयत्नात ८५-९० पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या ८५-९० जणांच्या पुढे) आसपास अडकलेल्यांच्या पत्रिकेत 'ड' भरपूर निघतात.

हिशोब बघा. क्वांटमध्ये (गणिताच्या विभागात) १४ बहुपर्यायी प्रश्न सोडवले, १० बरोबर (प्रत्येकी ३ गुण), ४ चूक (प्रत्येकी १ वजा): ३० वजा ४, म्हणजे २६. दुसऱ्याने ११ सोडवले, १० बरोबर, १ चूक: २९. तीन प्रश्न कमी सोडवून तीन गुण जास्त, शिवाय सहा-सात मिनिटं हातात राहिली ती वेगळीच. हे कोणत्याही धड्यात शिकवत नाहीत. मॉक (सराव परीक्षा) द्यायचा, मग त्याच्यावर दुप्पट वेळ बसायचं, एवढाच मार्ग आहे. एप्रिलपासून पंधरवड्याला एक मॉक, सप्टेंबरपासून आठवड्याला दोन. त्याहून जास्त नकोत, कारण विश्लेषणाला वेळ उरत नाही.

पाया_आधी
धागाकर्त्याशी असहमत. 'अभ्यासक्रम एकदा झालेला असतो' हे गृहीतकच चुकीचं आहे. धडा ओळखीचा वाटणं वेगळं आणि येणं वेगळं, आणि दुसऱ्या वेळी बसणाऱ्याला नेमकं ओळखीचं वाटणंच फसवतं. उदाहरण वाचलं की 'हे माहीत आहे' म्हणून पान उलटलं जातं.

एक चाचणी सुचवतो. उत्तरपत्रिकेतले न सुटलेले क्वांटचे प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून, उत्तर न बघता पुन्हा सोडवा. अर्ध्याहून अधिक सुटले तर तुमचं म्हणणं बरोबर, निवड आणि वेळेवर काम करा. अर्धेही सुटले नाहीत, तर मॉकमागून मॉक देणं म्हणजे ताप उतरावा म्हणून पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावणं.

मग काय करायचं? क्वांटच्या २२ प्रश्नांत मोठा हिस्सा अंकगणित आणि बीजगणिताचा असतो. म्हणून पहिले आठ आठवडे फक्त गुणोत्तर-प्रमाण, सरासरी व मिश्रण, काळ-काम-वेग, नफा-तोटा, व्याज. नंतर वर्गसमीकरणं, असमानता, लॉगॅरिदम, फलनं. भूमिती त्यानंतर. क्रमचय-संचय सर्वात शेवटी, कारण त्यात जाणारे तास आणि मिळणारे प्रश्न यांचा मेळ बसत नाही. धडा वाचण्याआधीच त्यातले मध्यम काठिण्याचे १० प्रश्न २५ मिनिटांत सोडवा. सात बरोबर आले तर धडा सोडून पुढे जा. चार आले तर तो पुन्हा शिका, लाज बाळगू नका.

उत्तरपत्रिका_उघडा
@पाया_आधी, घड्याळाविना पुन्हा सोडवण्याची चाचणी मान्य. 'अ' आणि 'ब' त्याच चाचणीने वेगळे होतात, ते मी लिहायला हवं होतं. पण आठ आठवडे मॉक बंद हे मान्य नाही. विभागाच्या ४० मिनिटांत प्रश्न सोडून देण्याची सवय दोन महिन्यांत मोडते.

सेट_क्रमांक_चार
तुम्ही दोघंही क्वांटवरच बोलताय. दुसऱ्या प्रयत्नातला खरा घोळ डीआयएलआरमध्ये (आकडेवारी आणि तर्कशक्तीच्या विभागात) असतो. एकूण पर्सेंटाइल चांगला, पण या एका विभागाची किमान अट चुकली की त्या आयआयएमचा मुलाखतीचा कॉल गेला.

इथे 'पाया' नावाचं फारसं काही नाही. २०२४ ला २२ प्रश्न, ५ सेट (एकाच माहितीवरचे प्रश्नसंच) होते. पहिली पाच मिनिटं एकही सेट न सोडवता पाचही वाचा. घटक किती, अटी ठाम आहेत की 'किमान', 'जास्तीत जास्त' अशा सैल, तक्ता आखता येतो का, एवढंच बघायचं. मग सर्वात ठाम अटींचा सेट घ्या. आठ मिनिटांत तक्त्यातला एकही रकाना पक्का झाला नाही तर उठा. 'इतका वेळ घातलाय, आता सोडवूनच टाकू' या हट्टात दुसरा सोपा सेट हातचा जातो. दोन सेट पूर्ण आणि तिसऱ्यातले दोन प्रश्न, हे बहुतेकांसाठी उत्तम काम आहे.

दुसऱ्यांदा बसणाऱ्यांनी सोडवलेले जुने सेट पुन्हा घेऊ नयेत. उत्तर आठवत नसलं तरी तक्ता कसा आखायचा ते हाताला आठवतं आणि खोटा वेग दिसतो. २०१७ ते २०१९ चे पेपर कोरे राहिले असतील तर ते वापरा. मात्र तेव्हा पेपर १०० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा होता आणि या विभागाला ६० मिनिटांत ३२ प्रश्न असत. त्यामुळे सेट घ्या, वेळेचं गणित घेऊ नका.

वाचनवेळ
व्हीएआरसीबद्दल (इंग्रजी वाचन आणि भाषेच्या विभागाबद्दल) कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर. शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करणं बंद करा, कॅट आता शब्दार्थ विचारत नाही. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे त्यांनी प्रत्येक परिच्छेदानंतर 'लेखक इथे काय करतोय' हे मनात मराठीत एका ओळीत म्हणावं. दाखला देतोय, विरोध करतोय की शंका घेतोय? पर्याय तपासताना हीच ओळ उपयोगी पडते.

तिसरा_स्लॉट
@वाचनवेळ, याच्याशी सहमत नाही. मनातल्या मनात मराठीत आणायची सवय लागली की पाचशे शब्दांच्या उताऱ्याला दोन-तीन मिनिटं जास्त जातात. चार उताऱ्यांत दहा मिनिटं गेली, म्हणजे विभागाचा पाव वेळ. रोज ४० मिनिटं तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, पर्यावरण अशा विषयांवरचे लांब इंग्रजी लेख वाचा आणि सारांशही इंग्रजीतच लिहा.

वाचनवेळ
वाक्यन् वाक्य भाषांतर करायला मी सांगितलेलं नाही. परिच्छेदाला एक ओळ, तीही सरावाच्या पहिल्या दोन महिन्यांत. समजलं नसताना इंग्रजीत लिहिलेला सारांश म्हणजे उताऱ्यातलेच शब्द मागेपुढे करणं, आणि त्यातून चूक दिसत नाही.

आणखी एक: वाक्यं क्रमाने लावण्याच्या टाइप करायच्या प्रश्नांना चुकीचे गुण कापत नाहीत. ते कोरे ठेवू नका, पण प्रत्येकी दोन मिनिटांवर एक सेकंदही देऊ नका.

तिसरा_स्लॉट
दोन महिन्यांची मर्यादा असेल तर हरकत नाही.

नोकरी सोडावी का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो: सोडू नये. आठवड्याच्या दिवसांत रोज दोन तास आणि शनिवार-रविवार प्रत्येकी सहा, म्हणजे २२ तास होतात. दुसऱ्या प्रयत्नाला ते पुरतात. अनेक संस्था निवडीत कामाच्या अनुभवाला गुण देतात, आणि मुलाखतीत रिकाम्या वर्षाचा प्रश्न येतोच. मॉक मात्र रात्री अकराला देऊ नका. परीक्षा ८.३०, १२.३० आणि ४.३० अशा तीन स्लॉटमध्ये होते, आपला स्लॉट प्रवेशपत्रावरच कळतो. तिन्ही वेळांना मॉक देऊन बघा.

पाया_आधी
नोकरीबाबत सरसकट नियम नको. रात्रपाळी किंवा दिवसाला चार तास लोकल-बसचा प्रवास असेल तर ते २२ तास कागदावरच राहतात. अशांनी निदान शेवटचे सहा आठवडे रजा साठवून ठेवावी.

दोनशे_प्रश्न
महाराष्ट्रातल्या मुलांनी कॅटच्या दुसऱ्या प्रयत्नाइतकाच एमबीए सीईटीचा (राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा) विचार करावा. जमनालाल बजाज, सिडनहॅमसारख्या संस्था तिच्यातून मिळतात. पण 'कॅटचा अभ्यास झाला की सीईटी आपोआप होते' हे साफ चूक. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला गुण कापत नाहीत. कॅटमध्ये मुरवलेली सोडून देण्याची सवय इथे उलटते. शेवटची तीन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी खूण करायचीच. पाच पर्याय असल्याने आंधळेपणाने भरलेल्या ४० प्रश्नांतून सरासरी आठ गुण येतात. तर्कशक्तीचे ७५ आणि आकृत्यांचे २५ मिळून अर्धा पेपर होतो, आणि आकृत्या कॅटच्या तयारीत कधीच येत नाहीत. कॅट संपली की डिसेंबरपासून रोज २५ आकृत्या, २० मिनिटांत.

उत्तरपत्रिका_उघडा
@दोनशे_प्रश्न, मान्य, पण कॅट संपेपर्यंत सीईटीचे मॉक देऊ नयेत. दोन उलट सवयी एकाच वेळी लागत नाहीत.

सेट_क्रमांक_चार
अभ्यासाबाहेरचं, पण दरवर्षी राहून जातं. कॅटला ओबीसी प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या यादीत जात आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. व्हीजेएनटी, एसबीसी हे प्रवर्ग तर कॅटच्या अर्जात स्वतंत्र नसतात. मागच्या वर्षीचा नॉन-क्रीमीलेअर दाखला चालेल असं समजू नका. नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरात असते, तेव्हा जूनमध्येच तहसील कार्यालयात अर्ज टाका. दहावी-बारावीच्या निकालांनंतर तिथे गर्दी असते.